गोव्याहून मुंबईला बोट आणताय? कॅप्टनचे पैसे वाचवू नका

‘गोव्यात जुनी शिडाची बोट घेतली आणि मुंबईला आणायची आहे? मालकाची बोट समुद्रमार्गे पोचवून देणाऱ्या डिलिव्हरी कॅप्टनवर पैसे उधळू नका. जीपीएस आहे, किनारा डोळ्यांसमोर आहे, डिझेल भरा आणि निघा. फार तर एखादा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, सोबत घ्या.’ नवीन बोटमालकांना हा सल्ला हमखास मिळतो आणि पुढेही पाठवला जातो. तो वाचून कुणी खरंच निघेल, याची मला काळजी वाटते.

किनारा दिसतो म्हणून निर्धास्त राहायचं, हेच आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे किनारा दिसतो त्या पट्ट्यातच खडक आहेत. वेंगुर्ल्यासमोरची बर्न्ट आयलंड्स ही खडकाळ बेटं बघा, मालवणची खडकाळ वाट बघा. शिवाय अंतर सुमारे २२० सागरी मैल. शिडाची बोट ताशी ६ मैलांनी चालली तरी ३६ तासांहून जास्त लागतात, म्हणजे एक रात्र समुद्रात नक्की. त्या रात्री पाळीपाळीने जागणारी, बोट खरोखर हाकता येणारी किमान दोन माणसं लागतात.

जीपीएस तुम्ही कुठे आहात ते चोख सांगतो. पण रिकाम्या प्लॅस्टिकच्या कॅनवर तरंगणारी जाळी त्याला दिसत नाहीत. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. तुमच्या प्रवासाचे कोरडे महिने म्हणजे जाळी पाण्यात असण्याचेच महिने. बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) नायलॉनचा दोर गुंतला की इंजिन गेलं.

खरा कस वाऱ्याचा आहे, आणि तो त्या सल्ल्यात औषधालाही नाही. उन्हाळ्याकडे झुकताना दुपारी वायव्येचा वारा जोर धरतो. मुंबईहून गोव्याला जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. अनुभवी कॅप्टन रात्री आणि पहाटे, मतलई वाऱ्यात, अंतर कापतो आणि दुपारी जयगड किंवा विजयदुर्गसारख्या आडोशाला थांबतो. नवखा माणूस दुपारी लाटांवर बोट आपटत राहतो. महिनोन्‌महिने उभ्या बोटीच्या डिझेल टाकीत तळाशी गाळ साचलेला असतो. बोट आपटू लागली की तो ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि खडक जवळ असतानाच इंजिन बंद पडतं. म्हणून चांगला कॅप्टन निघण्याआधी टाकी तपासतो, जास्तीचे फिल्टर घेतो, इंपेलर (इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणारी चक्री) उघडून बघतो, बोटीच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडून घेतो. तुम्ही पैसे मोजता त्यातला मोठा वाटा या कामाचा असतो.

पोचल्यावरही सुटका नाही. मुंबईत उधाणाला पाणी जवळपास ५ मीटरपर्यंत चढतं. गोव्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. गोव्याच्या सवयीने भरतीला नांगर टाकला, तर ओहोटीला बोट चिखलात बसते.

तांडेलाबद्दल मला नितांत आदर आहे. कोकणचा किनारा त्याच्याइतका कुणालाच ठाऊक नाही, आणि शहाणा कॅप्टन त्याला विचारतोच. पण खोल कीलची (तळाखाली खोल उतरलेल्या कण्याची) शिडाची बोट, तिचं इंजिन, तिची वीजव्यवस्था हा त्याचा रोजचा व्यवहार नाही. शिवाय विमा कंपनी बोट कोण नेणार आणि त्याचा अनुभव काय, हे बहुधा विचारते. आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेच्या यॉटमास्टर ऑफशोर या कॅप्टनसाठीच्या परीक्षेला बसायलाच २,५०० सागरी मैल आणि ५० दिवस समुद्रात घालवलेले असावे लागतात. असं काहीतरी कागदावर दाखवता आलं पाहिजे.

खर्चाची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. रोजची फी, येण्याजाण्याचं भाडं, जेवण, डिझेल, बंदराचे पैसे सगळं मालकाच्या माथी येतं. २० फुटी बोट असेल तर ट्रेलरवर टाकून रस्त्यानेच आणा, मीही तेच सांगेन. मोठ्या बोटीसाठी फी दिवसावर ठरवा आणि हवामानामुळे थांबावं लागलं तर त्या दिवसांचे किती, हे आधीच लिहून घ्या. ठोक रक्कम दिली की वाईट हवेत निघायचा मोह कॅप्टनलाही होतो. आणि ‘रविवारी पाहुणे येणार आहेत, तोवर बोट गेटवेला हवी’ असं त्याला कृपा करून सांगू नका. त्यापेक्षा स्वतः खलाशी म्हणून सोबत चला, रात्रीची एक पाळी घ्या.