कम्प्रेशन 100 च्या खाली आलं म्हणून चेनसॉ (लाकूड कापायची इंजिनवाली करवत) भंगारात काढू नका
इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरतोय, की कारचं कम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचा मीटर) चेनसॉला लावा आणि 100 पीएसआयच्या खाली दाखवलं की पिस्टन-सिलिंडर बदला. प्लीज असं करू नका, लोकांचे पैसे उगाच जातायत! कारच्या बऱ्याच गेजमध्ये दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह नळीच्या वरच्या टोकाला असतो, त्यामुळे अख्ख्या नळीतली जागा सिलिंडरमध्ये धरली जाते. कारच्या मोठ्या सिलिंडरला त्याने फारसा फरक पडत नाही, पण 50 सीसीच्या सॉमध्ये पिस्टन वर आल्यावर जागा उरते जेमतेम काही सीसी, मग चांगलं इंजिनसुद्धा मेलेलं दिसतं. सियागंज बाजारात गेज घेताना विचारून घ्या, व्हॉल्व्ह स्पार्क प्लगच्या भोकात बसणाऱ्या टोकालाच पाहिजे. चोक लावलेला नको, थ्रॉटल पूर्ण उघडा, डीकम्प्रेशनचं (दोरी हलकी जावी म्हणून दाब सोडणारं) बटण दाबलेलं नको, आणि काटा थांबेपर्यंत दोरी ओढत राहा. तरीही कमी आलं तर प्लगच्या भोकातून दोन-चार थेंब ऑइल टाकून परत मोजा, आकडा चढला तर बहुतेक पिस्टनच्या रिंगा घासल्यात. दोरीने सुरू होणाऱ्या छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांत तर बऱ्याचदा ऑटोमॅटिक डीकम्प्रेशन असतं, तिथे दोरी ओढून आलेल्या आकड्यावर काहीच ठरवू नका, लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघणं) करून घ्या.