पचीसीतले पंचवीस कुठले?

पचीसी या कवड्यांच्या जुन्या पटखेळाबद्दल पुण्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पटावर पंचवीस घरं असतात, म्हणून पचीसी.’ हे साफ चूक आहे. पट मोजूनच पाहा. पट फुलीच्या आकाराचा असतो; फुलीच्या एकेका पट्ट्यात आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे २४. चार पट्ट्यांची ९६. पंचवीस हे दान आहे. सहा कवड्या टाकल्या आणि सगळ्या पालथ्या पडल्या की २५, खेळातलं सर्वांत मोठं दान! एकच उताणी पडली तर १०, दोन उताण्या पडल्या तर नुसते २. सात कवड्यांच्या प्रकारात ३०चंही दान असतं, तरी नाव पचीसीच राहिलं. कृपया मुलांना तो मेसेज पाठवू नका, त्यांच्या हातात कवड्या द्या. १८९६ मध्ये इंग्लंडात पेटंट झालेला ल्यूडो याच खेळावरून निघाला, हेही त्यांना जरूर सांगा.