बॅकग्राउंड क्लीन करायच्या नादात

सप्टेंबर आला की सगळ्यांच्या वॉलवर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या, फुलांचे फोटो सुरू होतात आणि खरं सांगू का, त्यातले बरेचसे बघून मला आता कंटाळा येतो. फूल मधोमध, मागे सगळं लोण्यासारखं मऊ हिरवं नाहीतर काळंकुट्ट, पान दिसत नाही, देठ दिसत नाही, मातीचा तर पत्ताच नाही. सुंदर असतात हो, नाही कोण म्हणतंय, पण ते फूल कातळावर होतं का कुणाच्या गॅलरीतल्या कुंडीत, काही म्हणजे काही कळत नाही.

आणि हे क्लीन बॅकग्राउंड नुसतं लेन्सने येत नाही ना, त्याला हात लागतो. गेल्या पावसाळ्यात एका ग्रुपबरोबर साताऱ्याकडच्या सड्यावर गेले होते, तिथे एक गृहस्थ सोनकीच्या फोटोसाठी पोटावर आडवे झाले आणि मधे येणारं "गवत" चिमटीने उपटून बाजूला टाकायला लागले. वाकून बघितलं तर त्यात सीतेची आसवं, गेंद, अशी सड्यावरची इवली फुलझाडं सगळीच! म्हणजे सोनकी, जी घाटात रस्त्याच्या कडेला ढिगाने भेटते, तिला मोकळी जागा मिळावी म्हणून ही इवली झाडं उपटायची. अहो, २०१२ साली पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारशात गेली त्यात कास आहे, ते कशाच्या जिवावर? असल्याच बोटभर झाडांच्या ना? बरं सड्याच्या जांभ्या दगडावर माती ती किती, कुठे दोन बोटं, कुठे तेवढीही नाही, आणि तिच्यात खायला फारसं काही नसतं म्हणून तर सीतेची आसवं जमिनीखाली बारीक बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरतात. वर निळं फूल, खाली शिकार. ते झाड चिमटीत येतं आणि जातं.

दुसरं ते स्प्रेच्या बाटलीचं. पाणी मारून दव आणायचं. एकांनी तर चक्क दवबिंदू नावाच्या किडेखाऊ झाडावर फवारा मारला! त्याच्या लाल केसांच्या टोकाला जे चमकतं ते दव नव्हेच, किडे चिकटवायचा चिकट रस आहे, तो दुपारी उन्हातही चमकतो. तुम्ही पाणी कसलं मारताय?

कीटकांचे तर विचारूच नका. फ्रीजमध्ये ठेवून गार करतात, म्हणजे हलत नाहीत, मग फुलावर नेऊन बसवतात, आणि असल्या फोटोंना वर "वॉव" पडतात.

मला विचाराल तर फोटो जरा गबाळाच बरा. एक अख्ख्या झाडाचा, एक पानाचा, एक फुलाच्या पाठीचा, आणि आजूबाजूचा कचरा राहू दे तसाच. फुलपाखराचे दोन्ही पंख पूर्ण येऊ देत, कारण प्लेन टायगर म्हणून आपण जिला लाईक करतो ती कधीकधी डॅनेड एगफ्लायची मादी निघते, हुबेहूब तेच रूप घेतलेली. प्लेन टायगर विषारी, पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, त्याचा फायदा ही बया घेते. मागच्या पंखावर तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर, वरच्या कडेला एकच असला तर ही. आता तो मागचा पंखच तुम्ही ब्लर करून टाकलात तर आम्ही ओळखायचं कसं?

आणि एखादी मधमाशी फुलावर जास्तच शहाण्यासारखी बसलेली दिसली तर लगेच खूश होऊन क्लिक करू नका, आधी तिच्याखाली बघा. मला असाच पिवळ्या फुलात पिवळाच खेकडा कोळी सापडला, पुढचे लांब पाय पसरून, मधमाशीची मान धरून बसलेला. मधमाशी कधीची मेलेली होती. माझ्या फोटोत मागे गवताची काडी आडवी आलीय, वाऱ्याने फोकसही हललाय, पण कोण कुणाला खातंय ते त्यात स्पष्ट दिसतं.

स्पर्धा घेणाऱ्यांनी तरी क्लोजअपबरोबर आजूबाजूच्या जागेचा एक साधा फोटो मागायला काय हरकत आहे? निम्मी उपटाउपटी तिथेच थांबेल असं माझं मत, पटत नसेल तर भांडा. लाईक कमी पडतात हे मात्र मान्य, तो कोळ्याचा फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला तर आत्याने विचारलं, "यात बघायचं काय गं?"