शिवॉनहादा!

सोलमधला जुलै म्हणजे आपला मुंबईचा मे, वर पावसाची चिकचिक. अशा दिवसांत माणसानं ताक प्यावं आणि पंख्याखाली आडवं व्हावं. पण त्या दिवशी चोबोक होता. चोबोक, चुंगबोक, मालबोक हे कोरियन उन्हाळ्यातले ३ कडक दिवस, आणि या दिवशी लोक उकळती कोंबडी खायला रांगा लावतात. तिचं नाव सामग्येथांग. आमच्या बुजांगनिमनी, म्हणजे साहेबांनी, सगळ्यांना सोबत घेतलं. साहेबांना नाही म्हणायची सोय तिथंही नाही.

पाऊण तास उन्हात तळून आत गेलो. मांडी घालून बसायचं होतं, तेवढं एकच मला झकास जमलं. समोर काळं मातीचं भांडं आलं, तेही रटरटत. आत एक अख्खी कोवळी कोंबडी तंगडीवर तंगडी टाकून, नुकतंच अभ्यंगस्नान उरकल्यासारखी. पोटात चिकट तांदूळ, लसूण, लाल बोर आणि जिनसेंगचं मूळ. तिखट नाही, हळद नाही, मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. आखाडात आमच्याकडेही कोंबडी होते, पण ती निदान वाटणात तोंड लपवून येते.

स्टीलच्या काड्यांनी तंगडी उचलली. ती निसटली, रस्सा शर्टावर. पहिल्याच घोटाला टाळूची साल निघाली. नाकाच्या शेंड्यावरून घाम भांड्यात टपकला. चला, मिठाचा प्रश्न सुटला.

समोर बुजांगनिम डोळे मिटून म्हणाले, "आ, शिवॉनहादा!" शिवॉनहादा म्हणजे गार, असं मी क्लासात पाठ केलं होतं. मला साहेबांची काळजी वाटली. शेजारच्यानं समजावलं: इयोल-चियोल, उष्णता उष्णतेनंच मारायची. काट्यानं काटा. मला पटलं, जिभेला पटलं नाही.

एकूण या लोकांचं सगळं आयुष्य वाडग्यातच. नव्या वर्षाला तोकगुक, म्हणजे तांदळाच्या वड्यांचं सूप, खाल्लं की वय एकानं वाढतं म्हणे. मी आवडलं म्हणून दोन वाडगे खाऊन बसलो. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं मियोकगुक, पण परीक्षेच्या दिवशी ते वर्ज्य, कारण शेवाळ निसरडं. भाषेच्या परीक्षेआधी मी त्याला शिवलोही नाही. तरी घसरलो.

भांडं संपवून बाहेर आलो. भिजलेल्या पाठीला वारा लागला आणि तोंडातून निघून गेलं, "शिवॉनहादा!"

बुजांगनिमना भरून आलं. त्यांनी लगेच फोन काढला आणि १० दिवसांनी येणाऱ्या चुंगबोकला माझं नाव सगळ्यात वर लिहिलं.