वाडीच्या गोदामातल्या सर्व्हरबद्दलच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, "दोन स्विच, दोन केबल, दुप्पट पैसे. एक स्विच जळला अन् पाऊण तास एक बिल्टी निघाली नाही. फोनवर यांचा मुलगा म्हणते, इकडून सगळं बरोबर दिसते. दुसरा स्विच परत घ्या."

पहिली दोन मिनिटं आमची चूक. स्टोरेजकडे, म्हणजे तुमचा डेटा ठेवणाऱ्या डिस्कच्या पेटीकडे, जाणारे दोन्ही रस्ते वेगळे होते, म्हणजे सर्व्हरची दोन पोर्ट, नेटवर्कच्या केबल जोडणारे दोन स्विच, स्टोरेजचे दोन कंट्रोलर. एक तुटला तेव्हा दुसरा धडधाकट होता. पण लिनक्सवरचं आयस्कझी, म्हणजे नेटवर्कवरून स्टोरेजला जोडणारी सोय, तुटलेलं कनेक्शन परत जुळेल म्हणून मुळात १२० सेकंद वाट पाहतं आणि तोवर दोन रस्ते सांभाळणाऱ्या मल्टिपाथ सॉफ्टवेअरला अडकलेलं काम दुसऱ्या रस्त्यावर वळवता येत नाही. एकच रस्ता असेल तर ते ठीक. दोन असताना ही मुदत खाली आणायची असते. आम्ही कॉन्फिग फाइलमध्ये ती ५ केलीही होती. मात्र तो बदल त्यानंतर शोधलेल्या टार्गेटलाच (सर्व्हर ज्याला जोडतो त्या स्टोरेजच्या नोंदीलाच) लागतो. तुमची टार्गेट आधीच नोंदलेली होती, तिथे १२० तसेच राहिले. चाचणीत हे सापडायला हवं होतं. ती आम्ही रविवारी केली, काउंटर बंद असताना. केबल काढली, दहा सेकंदांत परत लावली आणि खूश होऊन घरी गेलो.

स्क्रीन गोठल्यावर तुमच्या माणसानं बटण दाबून सर्व्हर बंद केला. गेटवर गाड्यांची रांग लागली की कोणीही तेच करेल. थोडं थांबा, असं आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. बाकीचा वेळ बूट आणि डेटाबेसच्या रिकव्हरीत गेला. फोनवरच्या आमच्या मुलाला दुसरा रस्ता चालू दिसत होता. तरी तुमचं काम अडलंय हे ऐकून त्यानं तसं बोलायला नको होतं.

आता जुन्या नोंदींतही ५ सेकंद केले आहेत आणि स्टोरेजशी असलेली सेशन (जोडण्या) नव्यानं जोडली आहेत. रस्ता तुटल्याचा पत्ता लागण्याचा वेळ धरून दहा-पंधरा सेकंद अडखळेल. अजिबात अडखळणार नाही, असं मी म्हणणार नाही. या फेरीचे पैसे लावलेले नाहीत.

दुसरा स्विच मात्र परत घेणार नाही. दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये लावून स्वस्तात भागलं असतं, तसं कोटेशनही तुमच्याकडे आलं होतं. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली तो एकटा स्विच जळला असता, तर नवा येईपर्यंत बिल्ट्या हातानं फाडाव्या लागल्या असत्या.

आणि तुमच्या रिव्ह्यूत नसलेली एक गोष्ट. दोन्ही स्विच अजून एकाच यूपीएसवर आहेत. हेही आम्हालाच दिसायला हवं होतं. सोमवारी संध्याकाळी, गाड्या भरणं चालू असताना, मी स्वतः दुसरा यूपीएस घेऊन येतो. आधी बॅकअप घेऊ. मग चाचणीसाठी एका रस्त्याची केबल तुम्ही काढा, आणि दोन-चार बिल्ट्या निघेपर्यंत परत लावू नका.