सुई ठेवा बाजूला, आधी घड्याळ बघा

तो सुईवाला मेसेज परत फिरतोय. या वेळी आमच्या फॅमिली ग्रुपवर आणि टाकणारी माझीच मावशी, त्यामुळे तिला फोनवर जे बोललो तेच इथे लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: स्ट्रोक आला तर पेशंटला जागचं हलवू नका, हलवलं तर मेंदूतल्या नसा फुटतात. दहाही बोटांना सुई टोचून थेंब थेंब रक्त काढा, तोंड वाकडं झालं असेल तर कानाच्या पाळ्यांनाही टोचा, माणूस नॉर्मल झाला की मग हॉस्पिटलला न्या.

आधी ते "हलवू नका". अहो, साधारण 85 टक्के स्ट्रोकमध्ये काही फुटलेलंच नसतं, गुठळी अडकून मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडलेला असतो. उरलेल्यांत खरंच नस फुटते, पण ती उचलून नेल्यामुळे नाही, आणि त्यांना तर हॉस्पिटलची घाई तेवढीच. पेशंट शुद्धीत नसेल, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा आणि अँब्युलन्स बोलवा.

आता सुई. अंगात जवळपास पाच लिटर रक्त, दहा बोटांचे दहा थेंब म्हणजे अर्धा मिलीसुद्धा जेमतेम. त्याने ना बीपी उतरतं ना मेंदूतली गुठळी हलते. शुगरवाले घरी रोज बोट टोचतात, त्यांना स्ट्रोक येत नाही का?

पण माझा खरा राग सुईवर नाहीये, त्या "नॉर्मल झाला की मग न्या" वर आहे. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला अंदाजे 19 लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, मरतात. सुई शोधा, तापवा, दहा बोटं, दोन कान, वीस मिनिटं सहज गेली, म्हणजे 3 कोटी 80 लाख. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही हे बघितल्यावरच. काही निवडक पेशंटमध्ये तार घालून गुठळी बाहेर काढतात, ते 24 तासांपर्यंतही जमतं, पण जितका उशीर तितकं नुकसान. आणि घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. रात्री 11 ला नीट झोपला आणि सकाळी 6 ला तोंड वाकडं दिसलं तर डॉक्टरांना 11 सांगायचं, 6 नाही. हे भल्याभल्यांना माहीत नसतं.

"आमच्याकडे टोचलं आणि माणूस उठून बसला", हे मावशीचं हुकमी पान. असेलही उठला! गुठळी कधीकधी आपोआप सुटते, थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं, त्याला टीआयए म्हणतात, म्हणजे मिनी स्ट्रोक. सुईने काही केलं नाही. उलट पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका यायचा धोका सगळ्यात जास्त, त्यामुळे हाच माणूस घरी बसवायचा नसतो.

आणखी एक, घरी ॲस्पिरिन देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीही पाजू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

"मग ओळखायचं कसं रे?" मावशी. हसायला सांग, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का बघ. दोन्ही हात समोर धरायला सांग, एक खाली येतो का. एखादं साधं वाक्य बोलायला लाव, जीभ जड वाटते का. यातलं एक जरी अचानक झालं तरी निघायचं. नंतर हातपाय परत चालवायला फिजिओथेरपी आणि बोलण्यासाठी स्पीच थेरपी असते, पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा जोरात होते, पुढेही हळूहळू होत राहते.

मग सहज विचारलं, काकांची बीपीची गोळी चालू आहे ना? तर म्हणे, "बंद केली, बीपी नॉर्मल आलं ना महिन्याभरापूर्वी." मावशे, गोळी चालू होती म्हणूनच नॉर्मल आलं ना ते! सुईचा मेसेज राहिला बाजूला, पुढची दहा मिनिटं आम्ही त्या गोळीवरच भांडलो. उद्या सकाळी दोघं डॉक्टरांकडे जातायत.