खुलासा : ‘कीटोज’ म्हणजे काय आणि काय नव्हे

‘फ्रुक्टोज कीटोज आहे, म्हणून ते बेनेडिक्ट चाचणी देत नाही’ असे एक विधान सध्या फिरते आहे. ते चुकीचे आहे. (फ्रुक्टोज म्हणजे फळांतली साखर. बेनेडिक्ट चाचणीत तांबेयुक्त निळ्या द्रावणात शर्करा तापवतात; विटकरी साका आला, तर शर्करेने चाचणी ‘दिली’ असे म्हणतात.)

कीटोज म्हणजे जिच्या सरळ साखळीत कीटोन गट (दोन कार्बनांच्या मधला C=O) असतो, बहुधा दुसऱ्या कार्बनवर, अशी साधी शर्करा. ग्लुकोजमध्ये पहिल्या कार्बनवर अल्डिहाइड गट (टोकाचा –CHO) असतो, म्हणून ते अल्डोज. फ्रुक्टोज व ग्लुकोज दोघांचेही रेणुसूत्र C₆H₁₂O₆ असते.

घोटाळा इथे होतो : साधा कीटोन, उदाहरणार्थ अ‍ॅसिटोन, ही चाचणी देत नाही. फ्रुक्टोजमध्ये मात्र कीटोन गटाच्या शेजारच्याच कार्बनवर हायड्रॉक्सिल गट आहे. बेनेडिक्ट द्रावण अल्कधर्मी असल्याने त्यात फ्रुक्टोज ईनडायॉलमार्गे (दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांवर हायड्रॉक्सिल गट असलेल्या मधल्या रूपातून) अंशतः ग्लुकोज व मॅनोजमध्ये बदलते आणि तांब्याचे क्षपण होऊन विटकरी साका बसतो.

कीटोज आणि अल्डोज वेगळे ओळखायचे तर सेलिवानॉफ चाचणी वापरा. ३ मिली सेलिवानॉफ अभिकर्मकात (हायड्रोक्लोरिक आम्लातील रिसॉर्सिनॉल) १ मिली शर्करेचे द्रावण घालून उकळत्या पाण्यात ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत लाल रंग आला तर कीटोज. जास्त वेळ तापवू नका, नाहीतर ग्लुकोजही हळूहळू रंग देते. सुक्रोजचे आम्लात विघटन होऊन फ्रुक्टोज सुटते, त्यामुळे तेही लाल होते.

शरीरात चरबीपासून बनणाऱ्या कीटोन बॉडीजशी कीटोजचा संबंध फक्त नावातल्या गटापुरता आहे.